पापणीवरचा एक थेंब

बालरोगतज्ज्ञाने पापण्यांच्या प्रसाधनाविषयी लिहावे, हे स्मरणिकेच्या वाचकांना काहीसे विचित्र वाटेल. 'हा प्रांत नेत्रतज्ज्ञांचा, फार तर त्वचारोगतज्ज्ञांचा' असे आपल्याच मंडळींपैकी कोणी म्हटले, तर त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. तरीही हा विषय निवडला, कारण गेल्या काही वर्षांत तो माझ्या दवाखान्यात तीन निरनिराळ्या वाटांनी आला. मावसबहिणीच्या लग्नासाठी पापण्या 'लावून' घेतलेल्या आणि दुसऱ्या दिवशी डोळे सुजवून आलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुली ही पहिली वाट. राहत्या घरात ब्यूटी पार्लर चालविणाऱ्या तरुण आया ही दुसरी. आणि मुलाच्या कपाळावरची खोक टाक्यांऐवजी 'ग्लू'ने मिटवाल का, असे विचारणारे पालक ही तिसरी. या तिन्हींच्या मुळाशी एकाच कुळातले रसायन आहे. त्याचे नाव सायनोॲक्रिलेट.

इंदूरसारख्या शहरात 'लॅश एक्स्टेन्शन' हा आता अनेक मुलींच्या उपजीविकेचा व्यवसाय झाला आहे. त्यात वापरला जाणारा ग्लू कसा निवडावा, कसा हाताळावा, याची माहिती या मुलींना बहुधा विक्रेत्याकडून किंवा आठवडाभराच्या प्रशिक्षणवर्गातून मिळते, वैद्यकाकडून क्वचितच. आपणही त्यांना विचारत नाही. ही पोकळी थोडी भरावी, एवढाच या लेखाचा हेतू.

गनसाइटपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत

या रसायनाची जन्मकथा मोठी रंजक आहे. १९४२ साली, महायुद्धाच्या काळात, अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर हे रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. त्यांच्या हाती लागलेले सायनोॲक्रिलेट ज्याला स्पर्श होईल त्याला चिकटून बसे. म्हणून ते निरुपयोगी ठरवून बाजूला टाकण्यात आले. १९५१ मध्ये टेनेसी राज्यातील किंग्सपोर्ट येथे जेट विमानांच्या छतासाठी उष्णतारोधक द्रव्य शोधताना कूव्हर यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी रिफ्रॅक्टोमीटरच्या दोन लोलकांमध्ये या द्रव्याचा थर दिला आणि ते महागडे लोलक कायमचे जुळले. दोष वाटलेला गुणधर्म हाच खरा गुण आहे, हे तेव्हा ध्यानात आले. १९५८ पासून तो 'ईस्टमन ९१०' या नावाने बाजारात आला. व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांचा रक्तस्राव थांबविण्यासाठी त्याचा फवारा वापरला गेला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २-ऑक्टिल सायनोॲक्रिलेटला त्वचेच्या जखमा मिटविण्यासाठी मान्यता दिली. कूव्हर यांना २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

हे द्रव्य 'सुकते' असे आपण बोलीभाषेत म्हणतो, पण ते शास्त्रदृष्ट्या खरे नाही. पाणी उडून गेल्याने ते घट्ट होत नाही. उलट हवेतल्या किंवा पृष्ठभागावरच्या ओलाव्याचा कणभर स्पर्श होताच त्याचे रेणू साखळीसारखे एकमेकांत गुंफले जातात. या क्रियेत उष्णताही बाहेर पडते. बाटलीत ही क्रिया सुरू होऊ नये म्हणून त्यात अल्प प्रमाणात आम्लधर्मी स्थिरक मिसळलेला असतो. ओलावा हा या ग्लूचा सुकवणारा शत्रू नव्हे, तर त्याला घट्ट करणारा मित्र आहे, हे एक सूत्र लक्षात ठेवले की या व्यवसायातले निम्मे नियम आपोआप समजतात.

दुसरे सूत्र रेणूच्या शेपटीचे. मिथिल आणि इथिल ही लहान शेपटीची सायनोॲक्रिलेट्स झटकन धरतात, कडक होतात आणि लवकर विघटित होतात. विघटन होताना फॉर्मल्डिहाइड सुटते. ब्यूटिल आणि ऑक्टिल ही लांब शेपटीची सायनोॲक्रिलेट्स सावकाश धरतात आणि सावकाश विघटित होतात, म्हणून ऊतींना कमी त्रासदायक ठरतात. शस्त्रक्रियेत आपण वापरतो ती या दुसऱ्या गटातली. घरोघरी 'फेविक्विक' म्हणून ओळखला जाणारा गोंद पहिल्या गटातला. पापण्यांचे बहुतेक ग्लूही इथिल प्रकारचे असतात. त्यांत घट्टपणासाठी ॲक्रिलिक चूर्ण आणि काळ्या रंगासाठी कार्बन ब्लॅक मिसळलेले असते.

काम कसे चालते

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात. गिऱ्हाईक डोळे मिटून आडवे होते, खालच्या पापण्यांवर जेलची पट्टी लावून त्या झाकल्या जातात. एका चिमट्याने एक नैसर्गिक केस बाजूला काढायचा, दुसऱ्या चिमट्याने कृत्रिम केसाचे टोक ग्लूच्या थेंबात बुडवून त्या एकाच केसावर बसवायचे. हे दीड-दोन तास चालते. नैसर्गिक केस आपल्या कालचक्रानुसार गळतात, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी भरणी करावी लागते. म्हणजे नियमित येणारी स्त्री वर्षातून वीसेक वेळा या ग्लूच्या सान्निध्यात येते, आणि काम करणारी मुलगी दिवसातून तीन-चार वेळा, डोळ्यापासून वीतभर अंतरावर नाक ठेवून. धोका कोणाला अधिक, हे यावरून उघड आहे.

ग्लू निवडताना

या व्यवसायातल्या काही मुलींशी मी सविस्तर बोलले, त्यांच्या बाटल्या आणि माहितीपत्रके पाहिली. त्यावरून आणि वैद्यकीय दृष्टीने विचार करून निवडीचे काही निकष सांगता येतील.

पहिला निकष लेबलाचा. ज्या बाटलीवर घटकद्रव्यांची नावे, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख आणि आयातदाराचा पत्ता नाही, ती कितीही स्वस्त असली तरी डोळ्यांजवळ आणू नये. 'फॉर्मल्डिहाइड फ्री' हे शब्द वाचून निर्धास्त होऊ नये. ते द्रव्य वेगळे मिसळलेले नाही, एवढाच त्याचा फार तर अर्थ. ग्लूच्या विघटनातून ते थोडे निर्माण होतेच. 'कॉर्निया' या नियतकालिकात २०१२ मध्ये जपानी नेत्रतज्ज्ञांनी पापण्या लावल्यानंतर त्रास झालेल्या शंभराहून अधिक स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. त्यात केराटोकंजंक्टिव्हायटिस आणि ॲलर्जिक ब्लेफरायटिस हे प्रमुख आजार होते, आणि तपासलेल्या ग्लूंमध्ये फॉर्मल्डिहाइड आढळले होते.

दुसरा निकष वेगाचा. अर्ध्या ते एका सेकंदात धरणारा ग्लू जाहिरातीत आकर्षक दिसतो, पण तो सरावलेल्या हातासाठी असतो. नवख्या मुलीने दोन-तीन सेकंदांत धरणारा ग्लू घ्यावा. वेगवान ग्लूने केस जागेवर बसण्याआधीच धरला की ती पुन्हा थेंब घेते, थर जाड होतो, दोन-तीन नैसर्गिक केस एकत्र चिकटतात. ते वेगवेगळ्या वेगाने वाढत असल्याने मुळाशी ओढ बसते आणि केस अकाली गळतात.

तिसरा निकष गिऱ्हाईकाचा. 'सेन्सिटिव्ह' म्हणून विकले जाणारे ग्लू बहुधा मेथॉक्सिइथिल किंवा तत्सम कमी वाफ देणाऱ्या प्रकारचे असतात. डोळ्यांत पाणी येणाऱ्या, चुरचुरणाऱ्या व्यक्तीला त्यांचा उपयोग होतो. मात्र ज्याला सायनोॲक्रिलेटची खरी ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी ते सुरक्षित नव्हेत. काळा रंग टाळून पारदर्शक ग्लू घेतल्यानेही ही ॲलर्जी टळत नाही. आणि हार्डवेअरच्या दुकानातला गोंद कोणत्याही सबबीवर पापणीला लावू नये, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगते, कारण असे करणारे लोक आहेत.

माळव्याची हवा आणि बाटली

बहुतेक माहितीपत्रकांत खोलीचे तापमान २० ते २४ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ४५ ते ६० टक्के असावी असे लिहिलेले असते. आमच्या माळव्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारची आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरते, आणि श्रावणात ती ८० टक्क्यांच्या वर जाते. एकच बाटली दोन्ही ऋतूंत सारखी वागेल, अशी अपेक्षा करणेच चुकीचे आहे. उन्हाळ्यात ग्लू लवकर धरत नाही, वाफ अधिक वेळ सुटत राहते आणि गिऱ्हाईकाचे डोळे झोंबतात. पावसाळ्यात तो केसावर टेकण्याआधीच घट्ट होतो, वर पांढरी बुरशीसारखी साय दिसते आणि पकड ठिसूळ होते. 'बाटली खराब निघाली' अशी तक्रार पुष्कळदा होते. प्रत्यक्षात दोष हवेचा असतो.

त्यावर उपाय साधा आहे. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक टेबलाजवळ ठेवावा. उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर आर्द्रता वाढवतो, एअर कंडिशनर कमी करतो. दोन्हींचा उपयोग आकडा पाहून करावा. पावसाळ्यासाठी सावकाश धरणारी आणि उन्हाळ्यासाठी जलद धरणारी, अशा दोन बाटल्या ठेवणाऱ्या मुली मला भेटल्या. त्यांच्या हातचे काम टिकते, असे त्यांची गिऱ्हाइकेही सांगतात.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर चालते. उघडलेली मात्र पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नये. गार बाटली दमट हवेत उघडली की आत ओलावा धरतो. ती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात उभी ठेवावी, आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीनंतर, म्हणजे बहुधा महिना-दोन महिन्यांत, उरलेला ग्लू किती आहे याचा हिशेब न करता टाकून द्यावी.

थेंब वापरताना

वापरण्यापूर्वी बाटली नीट हलवावी, कारण रंग आणि घट्टपणा देणारे घटक तळाशी बसतात. थेंब एकच काढावा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी बदलावा. कृत्रिम केस त्वचेपासून अर्धा ते एक मिलिमीटर दूर बसवावा. पापणीच्या कडेला ग्लू लागता कामा नये. ॲलर्जीचे आणि दाहाचे बरेचसे प्रसंग या एका मिलिमीटरच्या शिस्तीने टळतात. काम सुरू असताना डोळे पूर्ण मिटलेले असणे अत्यावश्यक आहे. काही व्यक्तींचे डोळे झोपेतही किंचित उघडे राहतात, आणि दीड तासात गिऱ्हाईक हमखास झोपते. तेव्हा मधूनमधून बाजूने वाकून पाहावे. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढून ठेवाव्यात. डोळे आलेले असताना, पापण्यांच्या कडांना खवले असताना किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकती झालेली असताना हे काम नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नये.

सर्वांत दुर्लक्षित नियम कापसाचा आहे. चिमट्यावरचा किंवा बाटलीच्या तोंडाचा ग्लू कापसाच्या बोळ्याने पुसण्याची अनेकींना सवय असते. सुती धाग्यांवर हा ग्लू पसरला की त्याची रासायनिक क्रिया एकदम होते आणि इतकी उष्णता निर्माण होते की त्वचा भाजते. त्यासाठी तंतुविरहित पुसणे वापरावे. हातमोजे सुती नकोत, नायट्राइलचे हवेत.

लांबीविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. त्यांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एकतृतीयांश आढळली. याच लांबीला डोळ्यावरून जाणारा वारा आणि बसणारी धूळ सर्वांत कमी होते. त्याहून लांब पापण्या वारा उलट डोळ्याकडे वळवतात. निसर्गाने हे माप मोजूनमापून दिले आहे. स्कूटरवरून धूळ खात जाणाऱ्या मुलीने फार लांब पापण्यांचा हट्ट धरू नये, एवढा व्यावहारिक बोध त्यातून घेता येतो.

घरातले पार्लर

तीन वर्षांपूर्वी एक तरुण आई पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आली. लग्नसराई आली की मुलाचा खोकला आणि घरघर वाढते, अशी तिची तक्रार. मी नेहमीप्रमाणे धूळ, धूप, पाळीव प्राणी यांची चौकशी केली. बोलता बोलता ती स्वतःच सतत नाक पुसत होती. तिला विचारले तेव्हा म्हणाली, "मॅडम, मला कामाच्या दिवशीच सर्दी होते. रविवारी एकदम बरी असते." तिचे काम लॅश लावण्याचे होते. दहा बाय बाराची बंद खोली, खिडकीला एअर कंडिशनर, आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात मुलाचा अभ्यास.

सायनोॲक्रिलेटच्या वाफेने कामगारांना व्यवसायजन्य नासादाह आणि दमा होतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. कामाच्या दिवशी त्रास आणि सुट्टीत आराम, ही त्याची ओळखीची खूण. 'हे काम सोड' असे सांगणे माझ्यासाठी सोपे होते. पण प्रशिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते ती त्याच कमाईतून भरत होती. म्हणून आम्ही कागदावर खोलीचा नकाशा काढला. टेबल गॅलरीच्या खोलीत गेले, भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसला, टेबलावर वाफ तिच्या नाकापासून दूर ओढणारा छोटा पंखा आला. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क वाफ अडवीत नाही. सक्रिय कोळशाचा थर असलेला मास्क लागतो, हे तिला नवीन होते. ग्लू कमी वाफेचा घेतला. आणि मुलाचे दप्तर स्वयंपाकघराशेजारी हलले. छातीरोगतज्ज्ञांकडे तिची स्पायरोमेट्री करवून घेतली.

दोन महिन्यांनी तिची सर्दी पुष्कळ कमी झाली होती. मुलाचा दमा केवळ ग्लूमुळे होता, असे मी म्हणणार नाही. त्याचा इनहेलर चालू आहे आणि त्या घरात दम्याचा वारसाही आहे. पण त्याच्या श्वासातून एक अनावश्यक भार निश्चित उतरला. अशा घरगुती पार्लरमध्ये किती मुले वाढत असतील, याचा विचार करावा आणि दम्याच्या प्रत्येक मुलाच्या आईला 'तुम्ही काय काम करता?' हा प्रश्न विचारावा.

दाह की ॲलर्जी?

आपल्यापैकी प्रत्येकाला हा फरक सांगता यायला हवा. काम चालू असतानाच डोळे झोंबणे, लाल होणे आणि एक-दोन दिवसांत उतरणे, हा वाफेचा किंवा ग्लूच्या स्पर्शाचा दाह. काही तासांनी ते दोन दिवसांत दोन्ही पापण्या सुजणे, तीव्र खाज, आणि दर वेळी मागच्यापेक्षा अधिक त्रास, ही ॲलर्जी. दाहात तंत्र आणि ग्लू बदलून मार्ग निघतो. ॲलर्जीत ग्लू बदलून पुन्हा प्रयोग करणे म्हणजे आगीशी खेळ. 'गोळी खाऊन करून घेते' असे म्हणणाऱ्या मुलींना तर ठामपणे थांबवावे. चार-पाच केस लावून दोन दिवस वाट पाहण्याची चाचणी उपयोगी आहे, पण ती पुढच्या सगळ्या वेळांची हमी देत नाही. ही ॲलर्जी वर्षानुवर्षांच्या वापरानंतरही उद्भवू शकते.

त्याचा दुसरा पदर आपल्या शस्त्रक्रियागृहापर्यंत येतो. पापण्यांच्या किंवा नखांच्या ग्लूने एकदा संवेदनशील झालेल्या व्यक्तीला पुढे सिझेरियनच्या किंवा अन्य जखमेवर लावलेल्या त्वचेच्या ग्लूचीही प्रतिक्रिया येऊ शकते. तेव्हा औषधांच्या ॲलर्जीबरोबर 'पापण्या किंवा नखे लावल्यावर कधी सूज आली होती का?' हा प्रश्न आपल्या केसपेपरवर यायला हवा. त्याला खर्च काहीच नाही.

स्वच्छतेचाही उल्लेख करायला हवा. ग्लू सुटेल या भीतीने मुली पापण्या धुतच नाहीत. मग कडांना खवले धरतात, रांजणवाडी होते. तेलविरहित सौम्य क्लेन्झरने रोज पापण्या धुवाव्यात. तेलकट काजळाने पकड सैल होते, असे या व्यवसायातल्या सगळ्याच सांगतात. काजळाशी आम्हा बालरोगतज्ज्ञांचे जुने वैर. निदान या एका निमित्ताने ते घरातून थोडे मागे हटले, तर मला आनंदच आहे.

मुलाच्या डोळ्यात ग्लू गेला तर

पापण्यांच्या ग्लूची पाच मिलिलिटरची बाटली आणि डोळ्यांच्या औषधाची बाटली यांत मुलाला, आणि चष्मा न लावलेल्या आजीलाही, फरक कळत नाही. म्हणून ती औषधांच्या कपाटात कधीही ठेवू नये, कुलपात ठेवावी.

अपघात झालाच, तर पापण्या ओढून उघडण्याचा प्रयत्न करू नये. ॲसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर डोळ्याजवळ आणू नये. ते फक्त बोटांच्या त्वचेसाठी. पापण्या काढण्याचे पार्लरमधले रिमूव्हरही अशा वेळी वापरू नये. कोमट पाण्याने किंवा सलाइनने भरपूर धुवावे आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. बुबुळाच्या ओल्या पृष्ठभागावर हा ग्लू फार काळ टिकत नाही, तो सुटून येतो. पण त्याच्या कडक तुकड्याने बुबुळावर ओरखडे उठतात, ते फ्लुरेसीनने तपासावे लागतात. चिकटलेल्या पापण्या बहुधा मलम आणि केस छाटणे यांवर काही दिवसांत सुटतात. तान्ह्या मुलात मात्र डोळा दीर्घकाळ मिटलेला राहणे दृष्टिविकासाला घातक असते, म्हणून तेथे वाट पाहण्याचा निर्णय नेत्रतज्ज्ञांनीच घ्यावा. कपड्यांवर ग्लू सांडला असेल, तर कपडा ताबडतोब दूर करून खालची त्वचा भाजली आहे का हे पाहावे.

कपाळावरची खोक आपण ग्लूने मिटवितो तेव्हाही हीच सावधगिरी लागू पडते. डोके असे ठेवावे की ओघळ डोळ्यापासून दूर जाईल, आणि भुवईखाली मलमाचा बांध घालावा. लहान, स्वच्छ, ताण नसलेल्या जखमेत ग्लूचा परिणाम टाक्यांइतकाच देखणा येतो, वेदना कमी आणि वेळही कमी. जखम उकलण्याची शक्यता मात्र टाक्यांपेक्षा किंचित अधिक. पालकांना दोन्ही बाजू सांगून निर्णय घ्यावा.

किशोरवयीन मुलींच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. अठरा वर्षांपर्यंत हा शृंगार थांबू द्यावा. एकदा आलेली ॲलर्जी आयुष्यभर सोबत करते, आणि पुढे लागणारे वैद्यकीय ग्लूही तिच्यामुळे वर्ज्य होऊ शकतात. मात्र हे सांगताना त्यांच्या हौसेची टवाळी करू नये. टवाळी झाली की मुलगी पुढच्या वेळी डॉक्टरांना न विचारता जाते.

आपल्या मंडळाने वर्षभरातल्या आरोग्य शिबिरांपैकी एक शिबिर शहरातल्या पार्लरचालक भगिनींसाठी घ्यावे, अशी सूचना मी या निमित्ताने करते. नेत्रतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ आणि छातीरोगतज्ज्ञ अशा तिघांनी अर्धा-अर्धा तास दिला, तरी पुरेसे आहे. डोळे तपासावेत, स्पायरोमेट्री करावी, आणि कोमट पाण्यापासून कापसापर्यंतचे नियम मराठी व हिंदीत छापलेले एक पान हाती द्यावे. ते पान टेबलासमोरच्या भिंतीवर लागले, तर ते काम करणाऱ्या मुलीचा श्वास आणि समोर निजलेल्या गिऱ्हाईकाचे डोळे या दोहोंची काळजी घेईल.